मस्कत ते रास अल जिन्झ: ऊन चुकवत केलेली समुद्राची सहल

ओमानमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की मस्कतहून सूर या बंदराकडे जाणाऱ्या महामार्गावर तंबू, आइसबॉक्स आणि कोळशाच्या पिशव्या भरलेल्या गाड्या दिसायला लागतात. आमच्याही दोन गाड्या त्यात होत्या. सप्टेंबरअखेरचे दिवस होते. लोकांनी "नोव्हेंबरपर्यंत थांबा" असं सांगून पाहिलं. सल्ला चुकीचा नव्हता, पण नोव्हेंबरपर्यंत सगळ्यांच्या सुट्ट्या जुळतीलच याची खात्री कोण देणार? शिवाय रास अल जिन्झच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांचा मोठा हंगाम उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत असतो.

या किनाऱ्यावर नुसत्या तापमानाच्या आकड्यावर जाऊ नका, खरा छळ दमटपणाचा आहे. आतल्या वाळवंटात चाळीस अंशांतही घाम सुकतो आणि अंग निवतं. इथे तो सुकतच नाही. गाडीच्या एसीतून उतरल्याबरोबर चष्म्यावर वाफ धरते, पुसला की पुन्हा धरते. वाटेत लागणाऱ्या कुरियात गावात जून 2018 मध्ये सलग चोवीस तास पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नव्हता. म्हणजे रात्रीचं "किमान" तापमान तेवढं! म्हणून आम्ही आधीच ठरवलं होतं की अकरा ते चार उघड्यावर थांबायचं नाही. पोहणं, चालणं, कासवं बघणं, सगळं पहाटे नाहीतर सूर्य कलल्यावर. दुपार फक्त झोपेसाठी.

कुरियातला पेट्रोलची टाकी भरून घ्या. पुढे पंप आहेत, पण लांब लांब. महामार्ग गुळगुळीत आहे, वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आणि कॅमेरे जागोजागी. गाडी भाड्याची असेल तर दंडाची पावती मागाहून एजन्सीमार्फत येतेच.

पहिली रात्र फिन्सच्या किनाऱ्यावर काढली. महामार्ग सोडून समुद्राच्या कडेच्या जुन्या रस्त्याला लागायचं. तो खडीचा आहे. आमच्यातली सेडानही हळूहळू गेली, पण वाळूत किंवा गोट्यांत चाकं उतरवू नका. हा किनारा मऊ वाळूचा नाही. पांढऱ्या गोल गोट्यांचा आहे, म्हणूनच पाणी इतकं नितळ दिसतं. अनवाणी चालायला जाल तर दहा पावलांत तोंड वाकडं होईल. ओल्या झाल्या तरी चालतील अशा, मागे पट्टा असलेल्या सँडल्स या सहलीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, अगदी तंबूपेक्षाही.

तंबूचं म्हणाल तर गोट्यांत खुंट्या ठरत नाहीत. ठोकली की हातात येते. चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या कलिंगडाएवढ्या दगडांना बांधल्या आणि आत मध्यभागी पाण्याचे कॅन ठेवले, तेव्हा कुठे तो जागेवर राहिला. एवढा खटाटोप करून आत झोपलं कोणीच नाही. आत हवा हलत नव्हती. सगळे बाहेर चटया टाकून आडवे झाले. जाड चटई किंवा फोमची गादी घ्या आणि पांघरायला एखादी चादर असू द्या. गारव्यासाठी नव्हे, पहाटे सगळं दमट होतं म्हणून. स्वच्छतागृह नाही, सावली नाही, दिवा नाही. कचऱ्याची पिशवी गाडीत बांधून ठेवा, कारण उजाडायच्या आत शेळ्या हजर होतात. आमचा ब्रेडचा पुडा त्यांनी प्लास्टिकसकट पळवला.

साडेपाचला तांबडं फुटलं तेव्हा आम्ही पाण्यातच होतो. त्या वेळचं पाणी अंगाला अगदी हवंहवंसं लागतं. गॉगल लावून थोडं आत गेलं तरी मासे दिसतात. गोट्यांचा उतार मात्र एकदम खोल जातो. न पोहणाऱ्यांनी कमरेच्या पुढे जाऊ नये, आणि लाइफगार्ड इथे नसतो हे लक्षात ठेवावं. कपड्यांबद्दलही सांगून ठेवतो. सार्वजनिक किनाऱ्यावर खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आमच्यातल्या मुली लेगिंग आणि टी-शर्ट घालून पोहल्या, मुलांनी लांब शॉर्ट्स घातल्या. बिकिनी हॉटेलच्या खाजगी किनाऱ्यापुरती ठेवा. उघड्यावर दारू पिणं कायद्याने बंद आहे, तिथे "कोण बघतंय" हा हिशेब करू नका.

सातच्या आत गाशा गुंडाळून तिवी गावाजवळच्या वादी शाबला पोचलो. वादी म्हणजे डोंगरातली नदीची दरी. गाड्या महामार्गाच्या पुलाखाली सावलीत लावता येतात आणि स्वच्छतागृहं तिथेच आहेत, पुढे नाहीत. पुलाखालून छोटी नाव पलीकडे सोडते, माणशी एक रियाल, जाऊन-येऊन. परतीची शेवटची नाव किती वाजता आहे हे नाववाल्याला उतरतानाच विचारा. मग पाऊणएक तास चाल: आधी खजुराची झाडं आणि शेतांना पाणी नेणारे पाट, नंतर दगडधोंडे. सकाळी दोन्हीकडच्या उंच कड्यांची सावली बरीच मिळते. नऊ-साडेनऊनंतर येणारी मंडळी आम्हाला परतताना भेटली, तेव्हा त्यांचे चेहरे लालबुंद झाले होते.

चाल संपते तिथे हिरवट निळे डोह सुरू होतात. पुढचा रस्ता पाण्यातूनच. बॅगा काठावर ठेवायच्या, फोन वॉटरप्रूफ पिशवीत गळ्यात. अखेरीस कड्याला एक चीर आहे, जेमतेम डोकं जाईल एवढी. त्यातून हनुवटी वर ठेवून पोहत आत शिरलं की छत असलेली गुहा आणि आत कोसळणारा धबधबा. चिरेत पाय टेकत नाहीत. आमच्यातल्या दोघांनी तिथूनच परत फिरायचं ठरवलं आणि कोणी त्यांना आग्रह केला नाही. तुम्हीही करू नका. न पोहणाऱ्यांना आधीचे डोह पुरेसे आहेत, लाइफ जॅकेट असेल तर उत्तम. डोंगरात पावसाचा अंदाज असेल तर वादीत पाऊलही टाकू नका. ऊन पडलेलं असताना वरून लोंढा येतो. पूर आलेल्या वादीत गाडी घालणं तर ओमानमध्ये शिक्षेस पात्र गुन्हा आहे. आणीबाणीचा नंबर 9999. दरीत आत शिरलं की फोनला रेंज मिळत नाही, म्हणून किमान तिघांच्या गटाने जा.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला पाच लिटर धरला होता आणि तो बरोबर ठरला. निम्म्या बाटल्या आदल्या रात्री फ्रीझरमध्ये गोठवल्या, त्यांनीच आइसबॉक्सचं काम केलं. सोबत ओआरएसची पाकिटं. डोकं दुखायला लागलं की गोळी शोधण्याआधी सावलीत बसून ते प्यावं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळेला दुकानं, हॉटेलं बंद असतात. त्यामुळे तिवीतल्या एका कॉफी शॉपमध्येच पोट भरून घेतलं. दुकान चालवणारा मलबारी, गरम पराठ्यात चीज आणि वर 'चिप्स ओमान' नावाचे चुरलेले वेफर्स, सोबत कडक चहा, ज्याला इथे करक म्हणतात. माणशी एक रियालसुद्धा झाला नाही. मग सूरमध्ये आधीच बुक केलेल्या खोलीत पडदे ओढून चार वाजेपर्यंत झोप.

सूरबद्दल थोडक्यात. लाकडी जहाजं बांधणारं हे जुनं बंदर, आणि त्या जहाजांचं सागवान भारतातून यायचं. 1951 मध्ये इथेच बांधलेलं 'फतह अल खैर' हे जहाज किनाऱ्यावर ठेवलं आहे. संध्याकाळी झुलता पूल ओलांडून अल ऐजाच्या दीपस्तंभापर्यंत जा, समुद्रावर बसून मिश्काक, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, खा आणि नऊला झोपा.

कारण कासवं पहाटे चारची. रास अल जिन्झच्या संरक्षित किनाऱ्यावर फक्त तिथल्या कासव केंद्राच्या वाटाड्याबरोबरच जाता येतं, रात्री आणि पहाटे. बुकिंग आधी करा. माझं मत ठामपणे पहाटेच्या फेरीच्या बाजूने आहे: गर्दी कमी, आणि उजाडल्यावर फोटो काढू देतात. रात्री कॅमेरा बंदच. सूरहून रस्ता पाऊण तासाचा, पण अंधारात शेळ्या-उंट आडवे येतात, गाडी सावकाश हाका.

वाटाड्याने लाल उजेडात दाखवलेली मादी जवळपास मीटरभर लांब होती. वल्ह्यांसारख्या मागच्या पायांनी खड्डा बुजवताना ती दर दोन-तीन फटकाऱ्यांनंतर थांबे आणि मोठा, माणसासारखा श्वास सोडे. डोळ्यांतून चिकट पाणी गळत होतं. ते रडणं नव्हे, शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकणं असतं. एका वेळी शंभरएक अंडी घालतात, आणि पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. जास्त तापली तर माद्या. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून मोबाइलचा टॉर्च चुकूनही लावायचा नाही. आमच्या फेरीत एकाने लावला आणि वाटाड्याने त्याला शांतपणे मागे पाठवलं. उजाडल्यावर ती मादी समुद्राकडे निघाली. तेवढं अंतर कापायला तिला वीस मिनिटं तरी लागली असतील. कोणी बोललं नाही.

परत येऊन पुन्हा झोप, आणि तीनच्या सुमारास परतीचा रस्ता. वाटेत बिम्माचं विवर आहे: चुनखडकाचं छत खचून तयार झालेला निळा-हिरवा डोह. लोक सांगतात, इथे तारा पडला होता. पायऱ्या आहेत, तिकीट नाही, आणि पाय बुडवून बसलं की छोटे मासे टाचा कुरतडतात. वेळ कमी असेल तर वगळायला हरकत नाही, शनिवारी संध्याकाळी तिथे जत्रा असते. आणि त्यानंतर सगळे एकदम मस्कतकडे निघतात, त्यामुळे साडेपाचच्या आत रस्त्याला लागा.

घरी पोचल्यावर कितीही कंटाळा आला तरी तंबूची चेन आणि आइसबॉक्सच्या कड्या गोड्या पाण्याने धुवा. मीठ धरलं की पुढच्या वेळी चेन उघडत नाही.