तुम्ही विचारलंत म्हणून : पिल्लाला कवच फोडून देऊ का?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास आणि फोनवरच विचारला जातो. "काकू, सकाळपासून अंड्याला टोचा पडलाय, चोच दिसतेय, आतून चिवचिव ऐकू येतेय, पण पिल्लू काही बाहेर येत नाही. जरासं टरफल काढून देऊ का?" मी नाशिकला मखमलाबादच्या बाजूला राहते आणि थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, छोटा पंखा व थर्मोस्टॅट बसवून घरीच कोंबडीची अंडी उबवते. माझे पाहून ज्यांनी असे खोके तयार केले, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी मला हे विचारले आहे. (दुकानातल्या अंड्यांतून पिल्ले निघतील का, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर एका ओळीचे आहे : ती अंडी ज्या शेडमधून येतात तिथे कोंबडा नसतो.) पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर "नाही" असे असते, परंतु समोर पिल्लू ओरडत असताना नुसत्या "नाही"ने कोणाचे समाधान होत नाही, म्हणून त्यामागचे कारण येथे सविस्तर लिहिते.

कोंबडीचे अंडे उबायला 21 दिवस लागतात. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू आतला पापुद्रा फोडून अंड्याच्या बोथट टोकाशी असलेल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसते आणि पहिल्यांदा फुप्फुसाने श्वास घेते. तोवर त्याचा सारा श्वासोच्छ्वास कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून, कवचाच्या हजारो बारीक छिद्रांवाटे चाललेला असतो. पोकळीतली हवा मुळात थोडी असते आणि काही तासांत तिच्यातला प्राणवायू कमी पडू लागतो. त्या घुसमटीनेच पिल्लू मान झटकते आणि चोचीच्या टोकावर असलेल्या पांढऱ्या, टणक खड्याने कवचावर घाव घालते. तुम्हाला दिसतो तो टोचा हाच.

यानंतरचे बारा ते चोवीस तास माणसाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारे असतात, कारण पिल्लू काहीच करत नाही असे दिसते. बघणाऱ्याला वाटते की ते दमले, अडकले, आता मरणार. प्रत्यक्षात त्या वेळात आतली दोन महत्त्वाची कामे पुरी होत असतात. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांमधले रक्त पिल्लाच्या अंगात परत ओढले जाऊन त्या वाहिन्या सुकतात, आणि बलकाची उरलेली पिशवी बेंबीवाटे पोटात शिरून बेंबी मिटते. पोटात गेलेल्या त्या बलकावर पिल्लू पुढचे दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून राहू शकते. हॅचरीतली एक दिवसाची पिल्ले खोक्यांतून परगावी पाठवता येतात ती याच शिदोरीच्या भरवशावर. हे सारे आटोपले की पिल्लू आतल्या आत फिरत कवचाला कडेकडेने चिरत जाते, बोथट टोक डबीच्या झाकणासारखे उघडते आणि ते पाय ताणून बाहेर पडते. चिरायला लागल्यापासून बाहेर पडेपर्यंत कधी अर्धा तास जातो, कधी दोन-तीन तास. पण त्याआधीची स्वस्थता टाळता येत नाही.

मी हे पुस्तकातून शिकले असते तर बरे झाले असते. माझी पहिली खेप डिसेंबरातली होती, सिन्नरहून, माहेरून आणलेल्या बारा गावरान अंड्यांची. एकविसाव्या दिवशी सकाळी तीन अंड्यांना टोचे पडले आणि संध्याकाळपर्यंत मी खोक्याचे झाकण किती वेळा उघडले, याचा हिशेब राहिला नाही. रात्री मला राहवेना. भुवया कोरायचा चिमटा गरम पाण्यातून काढून मी एका अंड्याच्या टोच्याभोवतीचे टरफल तुकड्या-तुकड्याने सोलू लागले. तीन तुकडे कोरडे निघाले. चौथ्या तुकड्याबरोबर पापुद्रा फाटला आणि चिमट्याच्या टोकाशी लालभडक रक्त आले, दिव्याच्या वातीएवढी एक रेघ, जी थांबता थांबेना. तरीही मी पुढे गेले, ही माझी दुसरी चूक. पिल्लू बाहेर आले तेव्हा त्याच्या पोटाशी बलकाची पिवळी पिशवी लोंबत होती. ते पहाटेपर्यंत जगले. शेजारच्या दोन अंड्यांतली पिल्ले तर मी हात न लावताच गेली, आणि त्यांचे कारणही मीच होते : प्रत्येक वेळी झाकण उघडताना आतली ओल निघून गेली, टोच्याभोवतीचा पापुद्रा सुकून कागदासारखा झाला आणि पिल्लाच्या पिसांना असा चिकटला की त्याला मान फिरवता येईना. म्हणजे पिल्ले खरोखरच अडकली होती, पण त्यांना अडकवले होते माझ्या काळजीने.

माझी आजी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची तेव्हा विसाव्या दिवसापासून डालग्यावरचे पोते उचलायला आम्हा मुलांना बंदी असे. कोंबडी स्वतः टरफल फोडून देत नाही. ती फक्त बसून राहते, आतल्या चिवचिवीला हलक्या आवाजात उत्तर देते, आणि आधी निघालेली पिल्ले मागच्यांची वाट पाहत तिच्याच पोटाखाली दडून असतात. आमच्या खोक्याने तिच्याकडून शिकायचे ते एवढेच.

आता खरा मुद्दा. जे अंडे शेवटच्या दिवशी अडते, त्याचे बिघडलेले बहुधा आधीच्या अठरा दिवसांत असते. उष्णतेबाबत बहुतेक जण दक्ष असतात. पंखा असलेल्या यंत्रात 37.5 अंश सेल्सिअस हवे, हे सर्वांना पाठ असते आणि अंडी दिवसातून तीन-पाच वेळा फिरवण्यातही कोणी आळस करत नाही. दुर्लक्ष होते ते आर्द्रतेकडे. पहिले अठरा दिवस ती 45 ते 55 टक्के असावी आणि त्यानंतर अंडी फिरवणे थांबवून ती 65 ते 70 पर्यंत न्यावी. एकच वाटी पाणी बारा महिने ठेवून हे साधत नाही. नाशिकच्या थंडीत बाहेरचे तापमान दहा-बारा अंशांवर उतरते (निफाडकडे तर द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात), आणि ती गार हवा खोक्यात येऊन साडेसदतीस अंशांपर्यंत तापली की इतकी कोरडी होते की दोन वाट्या आणि ओला स्पंज ठेवूनही आर्द्रतामापकाचा काटा जेमतेम चाळिशी गाठतो. उलट श्रावणातल्या झडीत पाण्याची वाटी अजिबात न ठेवताही माझ्या खोक्यात 45 टक्के सहज असतात. त्या दिवसांत कोणी सवयीने वाटी भरून ठेवली तर अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि फुगलेले पिल्लू टोचा मारण्याआधीच गुदमरते.

म्हणून मी आर्द्रतेच्या काट्यापेक्षा अंड्यांच्या वजनावर विश्वास ठेवते. अठरा दिवसांत अंड्याचे वजन साधारण 12 टक्क्यांनी उतरायला हवे, म्हणजे 45 ग्रॅमचे गावरान अंडे साडेएकोणचाळीस ग्रॅमच्या आसपास यावे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा सगळी अंडी एकत्र तोलली तरी कळते : वजन भराभर उतरत असेल तर पाणी वाढवायचे, उतरतच नसेल तर वाटी काढून घ्यायची. ज्यांनी हे केले त्यांचे रात्रीचे फोन मला फारसे येत नाहीत.

मदत करावीच लागते असे प्रसंग माझ्याकडे क्वचित येतात. टोचा पडून चोवीस तास उलटून गेले, चीर पुढे सरकली नाही आणि कडेचा पापुद्रा पांढरा न राहता पिवळट-तपकिरी व कडक झाला, तरच मी अंडे हातात घेते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या सुती कापडाने तो पापुद्रा ओला करते, चोच मोकळी आहे ना ते पाहते, टोच्याच्या बाजूचे टरफल नखाएवढे काढते आणि अंडे परत ठेवून देते. रक्ताचा ठिपका दिसला की काम बंद, पुन्हा काही तासांनी पाहायचे. टोचा निमुळत्या टोकाला पडला असेल तर पिल्लू उलटे आहे असे समजावे. तिथे श्वासापुरते भोक मोठे करून मी थांबते. अशी सोडवलेली काही पिल्ले पायांवर उभीच राहत नाहीत, आणि ते पाहण्याची तयारी ठेवूनच चिमटा उचलावा.

गेल्या महिन्यात आडगावहून एका मुलीचा असाच फोन आला. तिला मी एवढेच सांगितले की खोक्याच्या काचेवर टॉवेल टाक, खोलीतला दिवा बंद कर आणि झोपायला जा. सकाळी सहा वाजता तिचा पुन्हा फोन : "काकू, निघालं! पण पार ओलंचिंब आहे आणि सारखं पडतंय. बाहेर काढून पुसून घेऊ का?"

"नाही," मी म्हटले. "आणखी दोन अंड्यांना टोचे आहेत ना? मग झाकण उघडू नकोस."