अंतर एकच, वेळ मात्र दोन

परवा एका मित्राने सहज विचारलं, लंडन ते न्यूयॉर्क किती लांब आहे रे, विमानाला किती वेळ लागतो? मी लगेच मोबाईल काढला, अंतर आलं साधारण ५,५५० किमी, विमान ताशी ९०० च्या आसपास उडतं, केला भागाकार आणि दिलं ठोकून, सहा तास. मग तिकिटांची साईट उघडली तर जाताना आठ तास आणि येताना सात!! माझं गणित दोन्हीकडून चुकलेलं.

आता एखादा तास कुठे गेला ते समजू शकतं, कारण साईटवरचा वेळ गेट ते गेट असतो, म्हणजे रनवेपर्यंत रांगत जाणं, तिथे नंबर लागायची वाट बघणं, उतरायच्या आधी आकाशात मारलेल्या घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. पण जाता-येता फरक का? मित्र म्हणाला, पृथ्वी फिरते ना, म्हणून. हे पुष्कळ जणांना वाटतं, खोटं कशाला बोलू, मलाही वाटायचं. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही, त्यामुळे खालची जमीन आपोआप सरकून काही जवळ येत नाही.

खरा खेळ आहे जेट स्ट्रीमचा. साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, हिवाळ्यात तर कधीकधी ताशी ३०० किमीच्या वर. एअरपोर्टवरच्या सरकत्या पट्ट्यावर चालून बघा, पट्ट्याच्या दिशेने गेलात तर भरभर, उलटे गेलात तर दमछाक, आणि पाय मात्र दोन्ही वेळी तेवढेच चालतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीवरून मोजला तर वेग ताशी १,३०० किमीच्या वर! तरी आवाजाचा वेग काही ओलांडला नव्हता, कारण भोवतीच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीसारखंच उडत होतं. म्हणूनच अटलांटिकवरचे विमानांचे मार्ग वारा बघून दिवसातून दोनदा नव्याने आखतात. नकाशावरची सरळ रेघ तर विसराच, सपाट नकाशा फसवतो, पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की कळतं जवळचा रस्ता उत्तरेकडे वाकलेला असतो ते.

आणि घड्याळ बघून वेळ काढू नका. लंडनहून सकाळी ११ ला निघून न्यूयॉर्कला दुपारी २ ला पोचलात म्हणजे ३ तासात गेलात असं नाही, मधले ५ तास घड्याळाने खाल्लेत (वर्षातले काही आठवडे ४, कारण दोन्हीकडे घड्याळं वेगवेगळ्या तारखांना बदलतात, तो अजून एक ताप).

वाऱ्याचं एक वेळ ठीक, पण फिनलंडमधलं हेलसिंकी ते टोकियो बघा. अंतर साधारण ७,८०० किमी. आधी विमान रशियावरून जायचं, साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ मध्ये युरोपीय विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास १३ तासांवर गेला. दोन्ही शहरं जागच्या जागी आहेत, विमान मात्र आता कधी दक्षिणेकडून वळसा घालतं तर कधी सरळ उत्तर ध्रुवावरून जातं.