गौरीच्या आराशीत सिंगापूर

चैत्र लागला की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात हळदीकुंकवाची बोलणी सुरू होतात. तारखेवरून दरवर्षी वाद, पण अक्षय्य तृतीयेच्या आत उरकायचं एवढं नक्की. कैरीची डाळ तळमजल्यावरच्या काकूंकडे, पन्ह्याला दोघी-तिघी, ओटीचे हरभरे आदल्या रात्री भिजलेले. आणि गौरीपुढे पायऱ्यांची आरास.

पूर्वी आराशीत ठरलेलं असायचं: कलिंगडाचं कमळ, करंज्या, बाहुल्या, प्लॅस्टिकची गाय. मी सिंगापूरहून परतले, त्या सुमाराला काकूच म्हणाल्या, "गौर महिनाभर माहेरी आलीय, तिला जरा परदेश दाखव की!"

आम्ही तोआ पायोत राहायचो, एचडीबीच्या म्हणजे तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत. सिंगापूरचे बहुतेक लोक अशाच घरांत राहतात. जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीबाहेर नळकांडी बसवलेली असतात. बांबूवर कपडे ओवायचे आणि तो बांबू आतून बाहेर काढून नळकांड्यात खोचायचा. ओल्या चादरीचा बांबू पेलताना खांदा भरून येतो. मला करायची होती ती ही खिडकी.

माप धरलं एक फुटाला एक इंच. बाहुलीघरं करणारे बरेचजण याच मापात काम करतात. बांबूसाठी अगरबत्तीची काडी जवळपास मापात बसली. कपडे ब्लाउजपीसच्या चिंध्यांचे. ते हवेत ताठ राहतात, ओल्या कपड्यासारखे लोंबत नाहीत. म्हणून पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, चिमटीत धरून वाळवले.

पुढच्या पायरीवर कॉफीचं दुकान. गोल टेबलं, जाड चिनी मातीचे पांढरे कप, त्यांवर हिरवी फुलं. कॉर्नफ्लॉर आणि फेविकॉल शिजवून मळलेल्या मातीचा कप ओटीतल्या हरभऱ्याहून लहान झाला; फुलं सुईच्या टोकाने काढली. आत तपकिरी रंग आणि वर वॉर्निशचा थेंब. थोडी कॉफी बशीतही सांडली, कारण तिथे ती तशीच येते. एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं. तिथे एवढ्यावर जागा राखली जाते, कुणी हात लावत नाही. आमच्याकडच्या लोकलमध्ये रुमाल टाकतात तशीच ही गोष्ट, पण भांडण वजा करून!

सगळ्यांत वेळ खाल्ला ड्रॅगनने. तोआ पायोत मुलांसाठी वाळूच्या मैदानात मोझेक फरशीचा केशरी तोंडाचा ड्रॅगन आहे, खोर इआन घी यांनी १९७९ मध्ये रचलेला. फरशीसाठी अंड्याची टरफलं उत्तम, पण गौरीपुढे अंडं म्हटल्यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला. मग टिकल्या लावल्या. वाळू म्हणून भाजलेला रवा.

हळदीकुंकवाच्या दिवशी कुणीतरी घरातला भेट मिळालेला मर्लायनही, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेलं सिंगापूरचं प्रतीक, मधोमध आणून ठेवला. त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. (मला तरी रोजच्या धबडग्यात तो कुठे भेटायचा!) बायका खोळंबल्या त्या बांबूपाशी. पाऊस आला की काय करता? वरच्या मजल्याचं पाणी खालच्यांच्या कपड्यांवर नाही का पडत? त्यावरून भांडणं? माझी उत्तरं संपेपर्यंत पन्हं कोमट झालं.

तेव्हापासून आराशीची एक पायरी परदेशात राहून आलेल्यांसाठी असते. मस्कतला संसार केलेल्या एका वहिनींनी तिथल्या मत्रा सूकमधलं, म्हणजे मत्रा बाजारातलं, लोबानाचं दुकान केलं, त्यात खराच लोबान ठेवला. लेकीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाऊन आलेल्या मावशींनी दारासमोरचा बर्फ केला, कापसाचा, आणि शेजारी फावडं आणि मिठाची पिशवी. "दिवसभर हेच," म्हणाल्या, "आणि मुलं फोटोत स्नोमॅन दाखवतात." मला ते फावडं फार आवडलं. आइसक्रीमच्या काडीचं होतं, आणि मुठीपाशी मावशींनी ते काळजीपूर्वक झिजवलं होतं.

उन्हाळ्यात ड्रॅगनच्या टिकल्या मात्र गळतात. यंदाच्या निमंत्रणात तशी ओळच घातली आहे: येताना प्रत्येकीने केशरी टिकल्यांचं एक पाकीट आणावे, मोठ्या नकोत.