मेणाचा ठोकळा आणि पाच हेलपाटे

आधी एकच सांगतो. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून लॅब जो हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट देते, त्यात ‘ग्रॉस’ नावाचा एक कंटाळवाणा परिच्छेद असतो (तो भाग नुसत्या डोळ्यांना कसा दिसला आणि त्याचा कुठला तुकडा कुठल्या नंबरखाली ठेवला, हे त्यात असतं), तो वाचा. मी वाचला नव्हता, आणि अकरा दिवस घालवून बसलो.

आत्याला स्तनाचा कॅन्सर. ती कळव्याला राहते, वय ६१. ठाण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात स्तन काढला, ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनबद्दल काडीची तक्रार नाही. पण रिपोर्टमध्ये ‘हर-टू २+’ आलं. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, ते गाठीत किती आहे याचा हा आकडा. शून्य किंवा १+ असेल तर निगेटिव्ह, ३+ असेल तर पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे धड ना इकडे ना तिकडे. मग फिश टेस्ट करावी लागते. आम्ही खारघरच्या टाटात दुसरं मत घ्यायला गेलो होतो. तिथले डॉक्टर शांतपणे म्हणाले, “ब्लॉक घेऊन या.” नोंदणी, फाइल, ओपीडीची रांग यातलं आता काही आठवतही नाही. आठवते ती ठाण्यातली तळमजल्यावरची एक खिडकी.

काढलेल्या गाठीचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग त्यातलं पाणी काढून मेणात बसवतात. तो झाला ब्लॉक. काडेपेटीहून लहान, प्लास्टिकच्या कॅसेटवर नंबर टाकलेला. त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काचेवर घेतात. फिशमध्ये पेशीतल्या सतराव्या गुणसूत्रावर आणि त्यावरच्या हर-टू जीनवर वेगवेगळ्या रंगांचे चमकणारे ठिपके चिकटवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते चक्क मोजतात. निरोगी पेशीत या जीनच्या दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये त्या भरमसाट वाढतात, मग पेशीच्या पृष्ठभागावर त्या प्रथिनाची गर्दी होते आणि वाढत राहण्याचा निरोप आत सतत जात राहतो. या प्रती वाढलेल्या बायकांमध्ये आजार लवकर उलटतो हे डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. त्या प्रथिनाला धरणारं औषध, ट्रॅस्टुझुमॅब, १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. जीनपासून इंजेक्शनपर्यंत शास्त्राला अकरा वर्षं लागली. मला तळमजल्यावरून एक ठोकळा आणायला अकरा दिवस लागले, त्यामुळे माझं कौतुक आपोआप थोडं कमी होतं.

पहिला हेलपाटा. “ब्लॉक देत नाही सर, स्लाइड न्या.” नेल्या. ठाण्याहून पनवेल लोकल, खारघरला उतरून रिक्षा. तिथे कळलं, रंगवलेल्या स्लाइड नुसत्या बघायला ठीक, फिशसाठी ब्लॉकच हवा.

दुसरा. “पेशंटची सही लागेल.” मी भाचा, चालणार नाही. आत्याची नळीसुद्धा अजून निघाली नव्हती. तिने पलंगावर बसूनच सही केली आणि म्हणाली, “माझ्याच अंगातला तुकडा, आणि मलाच अर्ज?” मला उत्तर सुचलं नाही.

तिसरा. सही चालली, पण अर्ज त्यांच्या छापील नमुन्यावर हवा. नमुना ज्या मॅडमकडे, त्या रजेवर.

चौथा. नमुना मिळाला. आता दोन हजार डिपॉझिट, रोख, आणि कॅश काउंटर एक वाजता बंद. मी पोचलो एक वाजून दहा मिनिटांनी. इथे माझा आवाज चढला, हे कबूल करतो. उपयोग शून्य. उलट बाकावर बसलेल्या बाकीच्या नातेवाइकांपुढे ओशाळलो.

पाचवा. ब्लॉक हातात! स्वतःवर खूश होऊन खारघर गाठलं. दोन दिवसांनी फोन आला, “यात ट्यूमर नाही, नुसती त्वचा आहे.” मला दिला होता ए-१. ‘ग्रॉस’च्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलं होतं की ए-१, ए-२ म्हणजे निपल आणि त्वचा, गाठ ए-३ ते ए-६ मध्ये. खिडकीवरच्या माणसाने ढिगातला पहिला उचलून दिला आणि मी पावती नीट घडी करून खिशात ठेवली.

म्हणून अर्जावर नुसतं ‘ब्लॉक’ लिहू नका, ‘ट्यूमरचा ब्लॉक, नंबर अमुक’ असं लिहा. आणि खिडकीपाशी भांडण्यापेक्षा हिस्टोपॅथॉलॉजीच्या टेक्निशियनला भेटायला मिळतं का बघा. सहाव्यांदा गेलो (हा मी हेलपाट्यांत धरत नाही, कारण या वेळी काम झालं) तेव्हा मला एक टेक्निशियनदादा भेटले. त्यांनी दोन मिनिटांत ए-३ आणि ए-४ काढून दिले. फिशच्या फॉर्मवर गाठ फॉर्मेलिनमध्ये किती तास होती हे विचारलं होतं, तेही त्यांनीच रजिस्टरमधून सांगितलं. सहा ते बहात्तर तासांच्या मधलं असावं लागतं; कमी-जास्त झालं तर निकाल भरवशाचा राहत नाही. हा रकाना मी तोवर चक्क कोरा ठेवला होता.

राहून गेलं : मे महिन्यात ब्लॉक गाडीत ठेवून चहाला जाऊ नका. मेण आहे ते. मी डब्यात कापूस घालून नेला, आत्याच्या लाडवांच्या डब्यात.

निकाल नऊ दिवसांनी आला. हर-टूचे ठिपके आणि सतराव्या गुणसूत्राचे ठिपके यांचं प्रमाण दोन किंवा जास्त असलं आणि एका पेशीत हर-टूच्या सरासरी चार तरी प्रती असल्या की पॉझिटिव्ह. आत्याचं प्रमाण ४.२, प्रती त्याहून बऱ्याच जास्त. म्हणजे केमोबरोबर ट्रॅस्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. एरवी ‘पॉझिटिव्ह’ ऐकून कुणी पेढे आणत नाही, आम्ही आणले, कारण या गाठीवर नेमकं औषध आहे. २०१३ मध्ये भारतात त्याचं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) मंजूर झालं, त्यामुळे आमच्यासारख्यांना खर्चाचं गणित निदान मांडता तरी येतं.

तिसऱ्या इंजेक्शननंतर ब्लॉक परत करायला त्याच खिडकीवर गेलो. “डिपॉझिटची पावती?” मी लॅमिनेट केलेली पावती पुढे सरकवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “सर, मागच्या बाजूला सही लागते.”