अर्धा सामना मागे

"अगं, अर्धा सामना म्हणजे काय? अर्धा कोण खेळलं?"

२०११ चा ऑगस्ट. बॉस्टनजवळच्या आमच्या घरी बाबा सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्राचं क्रीडा पान उघडून बसले होते. आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले. अमेरिकेत मुलीकडे आलेल्या आईवडलांचं बघण्यासारखं सगळं पहिल्या महिन्यातच बघून होतं, आणि मग उरलेल्या पाच महिन्यांचं काय करायचं हा प्रश्न येतो. आईने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. बाबांनी क्रीडा पान घेतलं. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते एसटीच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्या पानावर तक्ता होता, आणि तक्त्याला एक शेवटचा रकाना होता: पहिल्या संघापेक्षा किती सामने मागे. त्या रकान्यात दीड, साडेसहा असे आकडे. हिशेबात अर्धा सामना निघतोय म्हणजे कुठेतरी घोळ आहे, अशी त्यांची खात्रीच झाली.

घोळ नव्हता. सगळे संघ रोज सारखेच सामने खेळलेले नसतात. पुढचा संघ आज जिंकला आणि मागच्याला आज सुट्टी होती, तर अंतर अर्ध्याने वाढतं. दोघे खेळले, एक जिंकला, एक हरला, तर पुऱ्या एकाने. हे मी नाही, शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून समजावलं. बाबांचं इंग्रजी खतावणीतलं, आजोबांचं बॉस्टनचं, शब्दातला 'र' गिळून टाकणारं. तरी दोघांचं आकड्यांवर बरोबर जमलं.

बेसबॉलच्या एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. मार्चअखेर किंवा एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, जवळजवळ रोज. आपल्याला क्रिकेटचा सामना म्हणजे सण. त्याची तयारी, त्याचं जागरण. इथे सामना म्हणजे वरणभात. कोणी सगळा बघत नाही. आजोबांच्या व्हरांड्यात रेडिओ चालू असायचा, ते झाडांना पाणी घालायचे, मध्येच "हं" म्हणायचे. हरले तरी उद्या आहेच. एप्रिलमध्ये बॉस्टनचा संघ, रेड सॉक्स, पहिले सहाच्या सहा सामने हरला होता, तेव्हाही आजोबांनी टोमॅटोची रोपं शांतपणे लावली. हा खेळ माणसाला पाच महिने असा सुस्त ठेवतो आणि सप्टेंबरमध्ये एकदम गळा धरतो.

ऑगस्टमध्ये आम्ही बाबांना फेनवे पार्कवर घेऊन गेलो. रेड सॉक्सचं १९१२ सालचं मैदान. डावीकडे ३७ फूट उंचीची हिरवी भिंत, तिला सगळे 'ग्रीन मॉन्स्टर' म्हणतात. त्या भिंतीच्या पोटात धावफलक आहे, तो आजही माणसं हाताने पाट्या बदलून चालवतात. समोरच्या सामन्याचा स्कोअर तर असतोच, पण बाकीच्या गावांत चाललेल्या सामन्यांचेही आकडे असतात. बाबा तीन तास मैदानाकडे न बघता त्या भिंतीकडेच बघत होते. "नाशिकच्या जुन्या स्टँडवरचा फळा," ते म्हणाले. "आपली गाडी कधीची हे बघायला जावं आणि शिर्डीची किती उशिरा आहे हे वाचत बसावं, तसं." मग मलाही दिसलं की आसपासच्या कितीतरी लोकांचे डोळे अधूनमधून त्या भिंतीकडेच जात होते. तिकडे दूर कुठल्या गावात कोणाची पाटी बदलली, की इथे, जिथे काहीच घडलेलं नाही तिथे, एकदम कुजबुज उठायची.

त्या वर्षी १ सप्टेंबरला गणपती बसले. ३ सप्टेंबरच्या रात्री रेड सॉक्स टॅम्पा बेच्या रेज संघापेक्षा नऊ सामने पुढे होते. आपापल्या गटात पहिले आलेले तीन संघ आणि उरलेल्यांतला सगळ्यात चांगला एक, अशी दोन लीगपैकी प्रत्येकीतून बाद फेरीची दारं उघडत. गटात न्यूयॉर्कचे यांकीज पुढे होते, म्हणून रेड सॉक्सना हे चौथं, मागचं दार. त्यासाठी आजोबांनी बाबांना 'मॅजिक नंबर' काढायला शिकवलं: १६३ मधून आपले विजय वजा करायचे, मग पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करायचे. १६३ वजा ८४ वजा ६३. सोळा. आपला एक विजय किंवा त्यांचा एक पराभव, काहीही झालं तरी आकडा एकाने उतरतो. शून्य झाला की गंगेत घोडं न्हालं. बाबांनी कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने १६ लिहिलं आणि म्हणाले, "अनंत चतुर्दशीपर्यंत उरकेल."

अनंत चतुर्दशी ११ तारखेला होती. त्याच दिवशी रेज संघाने रेड सॉक्सना सलग तिसऱ्यांदा हरवून मालिका धुऊन नेली. आम्ही भाड्याच्या हॉलमध्ये "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत होतो आणि बाबा मागच्या खुर्चीवर माझ्या नवऱ्याचा फोन धरून बसले होते.

मग पितृपक्ष लागला. मी अंधश्रद्धाळू नाही, पण आकडे सांगते: सप्टेंबरमध्ये रेड सॉक्स २७ सामने खेळले, ७ जिंकले, २० हरले. बाबांनी कुंपणावरून आजोबांना सांगितलं, की या पंधरवड्यात आमच्याकडे शुभकार्य करत नाहीत. आजोबांनी गंभीरपणे विचारलं, हे कधी संपतं? २७ तारखेला. शेवटचा सामना २८ ला. आजोबांचा चेहरा थोडा उजळला. मला वाटतं त्या दिवशी बॉस्टन परिसरात सर्वपित्री अमावस्येची वाट बघणारा तो एकमेव आयरिश कॅथलिक होता.

या तीन आठवड्यांत आमच्या घराला एक वाईट खोड लागली. संध्याकाळी आपला सामना लावायचा, तो हरण्याच्या मार्गाला लागला की लगेच दुसऱ्याचा लावायचा आणि तिथे कोणीतरी हरावं म्हणून देव पाण्यात ठेवायचे. आपण जिंकावं ही इच्छा स्वच्छ असते. शेजारच्याने हरावं हीसुद्धा निदान ओळखीची असते. पण ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही अशा तिसऱ्याने आपल्यासाठी चौथ्याला हरवावं म्हणून जीव टाकायचा, यात एक फार लाजिरवाणी लाचारी आहे, आणि खरं सांगायचं तर फार गंमतही आहे. ज्या खेळाडूंची नावं कधी ऐकली नव्हती, त्यांना मी एका रात्रीपुरते घरचे मानले. बाबा तर उघडच म्हणायचे, "आपलं काय व्हायचं ते होऊ दे, आधी त्यांचं वाटोळं होऊ दे."

आणि खरी कुचंबणा शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवलेली होती. १६१ सामन्यांनंतर दोघांचे हिशेब तंतोतंत सारखे: ९० विजय, ७१ पराभव. मॅजिक नंबर दोन, आणि एकच रात्र बाकी. म्हणजे आपण जिंकायचं आणि रेज हरायचे. रेड सॉक्सची गाठ बाल्टिमोरला ओरिओल्सशी. आणि रेज कोणाशी खेळत होते? यांकीजशी.

बॉस्टनच्या माणसाला यांकीजचं भलं चिंतायला सांगणं म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या माणसाला भाऊबंदकीच्याच भाषेत सांगता येईल. बांधावरून कोर्टात गेलेल्या चुलत्याच्या मुलाला नोकरी लागावी म्हणून तुम्ही नवस बोलता आहात. आजोबांची १९७८ ची जखम भरलेली नव्हती. त्या वर्षी जुलैत यांकीज चौदा सामने मागे होते, शेवटी बरोबरीत आले, आणि २ ऑक्टोबरला फेनवेवरच झालेल्या जादा सामन्यात बकी डेंट नावाच्या, फारसे होम रन, म्हणजे आपले षटकार, न मारणाऱ्या माणसाने चेंडू त्या हिरव्या भिंतीवरून मारला. बॉस्टनमध्ये त्याच्या नावाच्या मधोमध एक शिवी घालूनच ते उच्चारतात. २००४ मध्ये रेड सॉक्सनी ८६ वर्षांनी विश्वविजेतेपद मिळवलं, तेही यांकीजना नमवून पुढे जाऊन. तरी आजोबा डेंटचं नाव काढत नसत, "तो" म्हणत.

२८ सप्टेंबर. घटस्थापना. आईने सकाळीच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात परडीत माती घालून धान्य पेरलं होतं, अखंड दिवा लावला होता. लाकडी घर, छतावर धुराचा अलार्म. त्यामुळे आई त्या दिव्यापाशी जागी राहणार होती. आजोबा रात्री आठला आमच्याकडे आले, रेडिओ बरोबर घेऊनच. आमच्या टीव्हीवर बाल्टिमोर, लॅपटॉपवर टॅम्पा.

सुरुवात तर अशी, की बाबांनी शून्य लिहायला पेन्सिल काढली. यांकीज ७–० ने पुढे. रेड सॉक्स ३–२ ने पुढे. आजोबा भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "शाब्बास यांकीज," आणि लगेच कॉफी प्यायले, तोंड खळखळून टाकल्यासारखी.

मग बाल्टिमोरला पाऊस आला. सातव्या इनिंगमध्ये खेळ थांबला तो तब्बल ८६ मिनिटं. तिकडे रेज संघाचं मैदान छपराखालचं, तिथे पावसाचं काय काम? यांकीजनी गट आधीच जिंकलेला, त्यांना या सामन्याचं सोयरसुतक नव्हतं, त्यामुळे हुकमी पिचर, म्हणजे गोलंदाज, विश्रांतीला. आठव्या इनिंगमध्ये रेजनी सहा धावा काढल्या. ७–६. नवव्यात दोन बाद, शेवटच्या बॅटरवर दोन स्ट्राइक, म्हणजे एक चेंडू चुकला की संपलं. आणि उभा कोण, तर डॅन जॉन्सन. त्या मोसमातली सरासरी .१०८, म्हणजे दहा वेळा पाठवला तर एकदा काहीतरी करणारा. बाबांनी ती सरासरी मोठ्याने वाचली आणि हसले. त्याने होम रन मारला. ७–७.

त्यानंतर आमच्या खोलीत कोणी बोललं नाही. आई दिव्यात तेल घालून आली, सगळ्यांकडे बघितलं आणि परत गेली.

बाल्टिमोरला खेळ पुन्हा सुरू झाला. नववी, शेवटची इनिंग, रेड सॉक्सचा पॅपेलबॉन पिचर, ओरिओल्सचे दोन बाद. आठव्या इनिंगअखेर आघाडी असताना त्या मोसमात रेड सॉक्स एकदाही हरले नव्हते. मग एक डबल, म्हणजे दोन बेसपर्यंत पोचवणारा फटका, आणखी एक डबल, ३–३. मग ओरिओल्सच्या रॉबर्ट अँडिनोने मारलेला, डावीकडे खाली पडणारा चेंडू. रेड सॉक्सचा कार्ल क्रॉफर्ड धावत आला, घसरला, चेंडू हातमोज्यात येऊन निसटला. ओरिओल्स ४, रेड सॉक्स ३. घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं.

आजोबांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. अजून आशा होतीच: रेज हरले तर बरोबरी, उद्या जादा सामना. तीन मिनिटांनी, बाराव्या इनिंगमध्ये, रेजच्या इव्हान लाँगोरियाने चेंडू डाव्या कोपऱ्यातल्या भिंतीवरून जेमतेम पलीकडे घातला. ८–७.

ती भिंत त्या कोपऱ्यात बुटकी होती. का बुटकी? काही वर्षांपूर्वी रेज संघाकडे एक चपळ खेळाडू होता, त्याला उडी मारून होम रन अडवता यावेत म्हणून मुद्दाम तेवढा भाग खाली केला होता. तो खेळाडू म्हणजे कार्ल क्रॉफर्ड. त्याच मोसमापासून रेड सॉक्सनी त्याला सात वर्षांच्या, १४ कोटी २० लाख डॉलर्सच्या कराराने आणलं होतं. हे मला दुसऱ्या दिवशी वाचताना कळलं आणि मी ते वाक्य तीनदा वाचलं. आपल्याकडे अशा वेळी पूर्वजन्म काढतात. इथे हा एकच जन्म पुरेसा झाला.

त्याच रात्री दुसऱ्या लीगमध्ये अटलांटाचंही असंच झालं. तेराव्या इनिंगमध्ये हरले, सेंट लुइस आत गेलं आणि पुढे विश्वविजेतंही झालं. पण आमच्या घरात दुसऱ्याच्या दुःखाला त्या दिवशी जागा नव्हती.

"झालं का गं तुमचं?" आईने आतून विचारलं.

"झालं," बाबा म्हणाले. आजोबांनी रेडिओची तार गुंडाळली, आईला वाकून नमस्कार केला, दिव्याकडे एकदा बघितलं आणि गेले. त्यांच्या व्हरांड्यातला दिवा मात्र बराच वेळ चालू होता.

बाबांना झोप आली नाही. सकाळी मी उठले तर ते टेबलावर एप्रिलपासूनचे निकाल मांडून बसलेले. ९० विरुद्ध ९१. एका सामन्याचा फरक. "हे बघ," ते म्हणाले, "सगळे सप्टेंबरला शिव्या देतायत. एप्रिलमधले हे पहिले सहा बघ. यातला एक जरी जिंकले असते तरी आज जादा सामना असता." कुंपणापाशी त्यांनी तो कागद आजोबांना दाखवला. आजोबांनी चष्मा लावून वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि टोमॅटोची वाळलेली रोपं उपटायला लागले.

ऑक्टोबरमध्ये वर्तमानपत्रात छापून आलं, की त्या मोसमात सामना चालू असताना काही पिचर ड्रेसिंग रूममध्ये बिअर पीत होते, तळलेली कोंबडी खात होते. बाबांचा चहाचा कप हातातच राहिला. "पितृपक्षात?"

पुढे नियम बदलले. २०१२ पासून मागची दारं दोन झाली, २०२२ पासून तीन. बरोबरी झाली तर जादा सामना नाही, आपापसातले निकाल बघून कागदावरच निर्णय. हिशेबाला सोपं आहे. बाबांना आवडेल असं मला वाटलं होतं, पण त्यांना ते मुळीच पटलेलं नाही; बाकी शिल्लक दिसत असताना खातं बंद करणं त्यांच्या नियमात बसत नाही.

नोव्हेंबरात ते नाशिकला परतले. पुढच्या एप्रिलमध्ये एका रात्री फोन वाजला. तिकडे सकाळ, पातेल्यात चहा उकळल्याचा आवाज. रेड सॉक्स डेट्रॉइटला मोसमाचे पहिले तीन सामने खेळून तिन्ही हरले होते.

"आजोबांना सांग," बाबा म्हणाले, "तीन गेले. मी मांडून ठेवलेत."