पाच रुपये आणि सहाशे ग्रॅम तांदूळ

निर्वासित म्हटलं की आपण थेट सीरिया नाहीतर सुदानला पोचतो. पण यूएनएचसीआरचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचा आकडा बघा, २०२४ च्या शेवटी जगात १२ कोटी ३२ लाख लोक घरदार सोडून पळालेले होते आणि त्यातले ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात. बॉर्डर ओलांडलेलीच नाही, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ते निर्वासितही नाहीत. आपल्याच देशातले ब्रू लोक घ्या ना, किती जणांना माहितीयेत?

मिझोरामच्या मामित, कोलासिब, लुंगलेई जिल्ह्यातले हे लोक, त्रिपुरात ह्यांनाच रियांग म्हणतात. नव्वदच्या दशकात ह्यांनी स्वायत्त जिल्हा परिषद मागितली, तिकडे मिझो संघटना म्हणत होत्या की हे इथले नाहीतच, मतदारयादीतून नावं काढा. वातावरण आधीच तापलेलं, त्यात ऑक्टोबर १९९७ मध्ये डंपा अभयारण्यात एका मिझो वनरक्षकाचा खून झाला आणि मग ब्रू लोकांवर जे हल्ले सुरू झाले त्यात तीसेक हजार माणसं जीव मुठीत धरून त्रिपुरात कांचनपूरकडे पळाली. नाईसिंगपारा, आशापारा असे सहा कॅम्प झाले. थोडे दिवस काढू, शांत झालं की जाऊ परत. ते थोडे दिवस तेवीस वर्षं चालले!!

कॅम्पमध्ये मोठ्या माणसाला दिवसाला ६०० ग्रॅम तांदूळ आणि ५ रुपये. लहान मुलाला बरोबर निम्मं, ३०० ग्रॅम आणि अडीच रुपये. साबण, चपला, मच्छरदाणी अधूनमधून, म्हणजे वरून मंजूर होईल तेव्हा. आता बसा हिशोब करत. पोराला ताप आला, औषध आणायचंय, पाच रुपयात काय येणार, मग मिळालेल्या तांदळातलाच थोडा विकायचा आणि औषध आणायचं, म्हणजे आजारी एक पडला तरी जेवण सगळ्या घराचं कमी. भाजी जंगलातून आणायची. बांबूच्या झोपड्या, वीज धड नाही, प्यायचं पाणी धड नाही.

मतदान तर अजबच. राहायचं त्रिपुरात आणि नावं मिझोरामच्या यादीत. २०१८ च्या विधानसभेला कॅम्पात बूथ नकोत म्हणून मिझोरामात एवढा गदारोळ झाला की शेवटी मुख्य निवडणूक अधिकारीच बदलले आणि ह्या लोकांना मत द्यायला हद्दीपलीकडे कान्हमुनला जावं लागलं.

परत पाठवायच्या नऊ फेऱ्या झाल्या. काही गेले, बहुतेक नाही गेले. ह्यावर 'फुकटचं खायची सवय लागली' म्हणणारे भेटतातच, त्यांना एवढंच विचारायचंय की दिवसाला पाच रुपयांची सवय कुणाला लागते हो? ते मागत काय होते, तर आम्हाला एकत्र वसवा, एका जागी, आमच्या आमच्यात. मिझोराम सरकार त्याला तयार नव्हतं. ज्याच्या भीतीने एकदा पळालो त्याच्याच शेजारी एकटंदुकटं घर घेऊन राहायचं, रात्री काही झालं तर हाक कुणाला मारायची? मला तरी सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच दिसते. सरकार देणार चेक, माणसं मागतायत शेजार. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तर शिधाच बंद केला, जा आता. उपाशी ठेवून माणसाची भीती जाते का? लोक रस्त्यावर उतरले, शिधा पुन्हा सुरू झाला.

मग १६ जानेवारी २०२० ला दिल्लीत करार झाला, की साधारण ३४ हजार लोकांना त्रिपुरातच वसवायचं. ६०० कोटींचं पॅकेज. प्रत्येक कुटुंबाला चाळीस बाय तीस फुटांचा प्लॉट, घरासाठी दीड लाख, ४ लाखांची एफडी, दोन वर्षं शिधा आणि महिना ५ हजार. चांगलंच झालं, नक्कीच. पण कांचनपूर भागातले बंगाली आणि मिझो रहिवासी घाबरले, एवढे लोक इथेच आले तर आमचं काय, नोव्हेंबर २०२० मध्ये पानीसागरला आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात माणूस गेला. त्यांची भीती पण खोटी नव्हती, हे मान्य करायला जड जातं पण करायला पाहिजे.

आणि एक गोष्ट मला अजून खटकते. हे लोक पिढ्यानपिढ्या झूम शेती करणारे, डोंगरउतार फिरत्या पाळीने कसणारे. बाराशे स्क्वेअर फुटात घर होतं हो, झूम नाही होत. दोन वर्षांनी महिन्याचे ५ हजार थांबल्यावर त्यांनी नक्की काय करायचं हे त्या पॅकेजमध्ये मला कुठे सापडलं नाही.