तुम्ही विचारलंत म्हणून: इम्पॅक्ट गन (ठोके देत नट फिरवणारं यंत्र) कोणती घेऊ?

काम शिकायला आलेला पोरगा असो की स्वतःची गाडी स्वतः खोलणारा हौशी, विचारतो हेच. मी उलट विचारतो, गोट्या, म्हणजे नटावर चढवायचे सॉकेट, कुठल्या आहेत तुमच्याकडे?

नट गोल होतो तो बऱ्याचदा गोटीमुळे. बारा कोनांची गोटी पटकन बसते खरी, पण धरते नटाच्या कोपऱ्यांपाशी. गंजलेला नट असला की कोपरे सोलून निघतात आणि हातात छिन्नी येते. सहा कोनांची घ्या. गनसाठी तर काळ्या, जाड भिंतीच्या, क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्याच. हातपान्याची चकचकीत गोटी गनवर चढवू नका. ती कडक असते, ठोक्यांनी तडकते आणि तुकडा कुठेही उडतो. साधा फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, म्हणून जाम नट आधी चहूबाजूंनी धरणाऱ्या रिंग पान्यानं हलवायचा.

आता गन. कारच्या कामाला अर्ध्या इंची चौकाची (गोटी जिथे बसते तो चौकोनी दांडा) पुरते. हवेवरची घेणार असाल तर आधी कॉम्प्रेसर बघा. बहुतेक गन 90 पीएसआय हवेचा दाब मागतात, तेही चालू असताना. छोटी टाकी चार नटांत दम टाकते. घरच्यासाठी बॅटरीची बरी. खोक्यावरचा टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, मोठा आकडा बहुधा नट खोलतानाचा असतो. बऱ्याच कारच्या चाकाचे नट 100 ते 120 न्यूटन मीटरला आवळायचे असतात, म्हणजे हजाराच्या मागे धावायची गरज नाही.

नवशिका होतो तेव्हा मीही चाकं गननंच आवळायचो. तो टकटक आवाज ऐकून बरं वाटायचं. एकदा एका गिऱ्हाइकाचं चाक रस्त्यात पंक्चर झालं. गाडीतल्या पान्यावर उभा राहिला तरी नट हलेना, आणि हलला तेव्हा स्टडसकट (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) तुटून आला. फोनवर तो काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून गन फक्त खोलायला. बसवताना नट दोन-तीन आटे बोटांनी फिरवतो, मग समोरासमोरचे धरत टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरवलेला जोर झाला की कळवणाऱ्या पान्यानं, आवळतो. टिक वाजलं की थांबायचं, पुन्हा 'खात्रीसाठी' ओढायचं नाही. स्पार्क प्लगच्या आसपास तर गन आणूच नका, इंजिनच्या हेडचे आटे बहुधा मऊ अ‍ॅल्युमिनियमचे असतात.

टॉर्क रेंच टिकवाला असेल तर काम झाल्यावर सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवा. त्यानं जाम नट खोलायचा नाही. त्यासाठी लांब दांडा वेगळा मिळतो.